ढोपर

अजमानला, नुऐमियात, चौथ्या मजल्यावर
मी एक होडी काढते आहे. कोडने.
कोरा आयत, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी,
रविवारी हॉटेलच्या लॉबीत लागणारा पडदा,
आणि बारा सेकंद,
तेवढ्यात तिनं आपली आपण उमटायचं आहे:
आधी पठाण, मग नाळ, मग फुगत गेलेली कूस.

रेषा सरळ असती तर दोन बिंदू पुरले असते.
वळणाला चार लागतात.
पहिल्यातून निघते, शेवटच्याला टेकते,
मधले दोघे मात्र लांब उभे,
एक वर, एक भलतीकडेच.
त्यांच्यापर्यंत ती कधी पोचत नाही,
नुसती त्यांच्या ओढीनं वाकते.
मी त्यांना तात्पुरते लाल ठिपके दिलेत,
दिसले म्हणजे हलवता येतात.

शून्य इथे वरच्या डाव्या कोपऱ्यात बसतं
आणि खाली उतरावं तसा आकडा वाढत जातो.
पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या होड्या
पठाण आभाळाला लावून पालथ्या पडायच्या.
मॅनेजर म्हणाला, बुडालेली नको, तरंगणारी हवी.

शुक्रवारी दुपारी खाडीवर गेले.
टॅक्सीचं दार उघडताच चष्मा वाफेनं पांढरा,
त्यामुळे उस्मान होडेकर आधी ऐकू आले, मग दिसले.
मूळचे दाभोळचे. एकेचाळीस वर्षं इथे.
फळीवर चार खिळे ठोकलेले, त्यांच्यामधून
सागाची बोटभर पट्टी वाकवून बसवलेली.
एक डोळा मिटून बघत होते.
मग एक खिळा उपटला.
पट्टी जराशी सरकली, सैलावली,
झोपेत कूस बदलावी तशी,
आणि थांबली.

विचारलं, खिळा कुठे मारायचा हे कसं कळतं?
म्हणाले, मारून बघायचा. चुकला तर काढायचा.
खिळे काय, स्वस्त असतात.

मी फोन पुढे केला.
त्यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर ओढला,
हात लुंगीला पुसला
आणि बोट नेमकं तिथे ठेवलं
जिथे माझं एक वळण संपतं, दुसरं सुरू होतं.
"हिला ढोपर आलंय."

मला ठाऊक होतं.
तीन दिवस ठाऊक होतं.
कुणाला दिसणार, म्हणून पुढे गेले होते,
वर सावली टाकली होती, थोडा फेस.

"पाणी इथे अडेल," ते म्हणाले.
"चाचा, ही पाण्यात नाही जायची. भिंतीवर लागणार आहे."
"तरी," ते म्हणाले,
आणि पोराला करक सांगायला वळले.
कागदी कपात दोन चमचे जास्तच साखर.
पट्टीखाली पेन्सिलीची रेघ ओढून झाली तेव्हा
उरलेले खिळेही त्यांनी काढले.
फळीवर भोकं राहिली.

रात्री एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
ढोपर जायला फार काही लागत नाही:
सांध्याच्या अलीकडचा लाल ठिपका,
सांधा, पलीकडचा लाल ठिपका,
तिघांना एका सरळ रेषेत उभं करायचं.
मग रेषेला कळतच नाही
आपण कुठे तुटलो होतो ते.
एवढं लिहायला चार मिनिटं लागली.
दोन आकडे. सहाशे बाराचे पाचशे एकोणनव्वद.

होडी चालू केली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, सातव्यांदा.
शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ रडून झोपलं.
कूस जिथून वळते तिथे आता
बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं,
म्हणजे काचच लागत होती, पण ती गप्प.

मॅनेजरचा निरोप: छान. ते लाल टिंब तेवढे काढा.

काढले नाहीत.
त्या ओळींच्या आधी
दोन तिरक्या रेघा मारल्या फक्त.
यंत्र आता त्या ओळी वाचत नाही, ओलांडून जातं.
रविवारी लॉबीत लोक बॅगा ओढत येतील,
होडी उमटेल, पुसेल, पुन्हा उमटेल.
खिळे आत आहेत,
जागच्या जागी.